आम्ही परत येईपर्यंत थांबलेली सभा

त्या सालच्या मृगाला आम्ही मेंढरं घेऊन गावाकडं परतत होतो. वडूज मागं पडलं होतं... गायरान उरलं असेल का, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची गोष्ट ही. मी तेव्हा धनगराच्या घरची नवी सून. आता नव्वदी कधीच ओलांडली, नातीच्या मोबाईलसमोर बोलते आणि ते यंत्र टाईप करतं. चुकलं तर बोल त्याला लावा.

आमच्या भागात तेव्हा लोकांनी कचेरीची पायरी चढणं सोडलं होतं. तंटा असो की वाटणी, गाव देवळापुढं बसायचं आणि आपला निवाडा आपणच करायचं. गायरान कागदावर सरकारचं होतं, पण सरकारला विचारतंय कोण...

आम्ही मात्र दिवाळी झाली की कृष्णाकाठी निघायचो. तिकडच्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पावसाळाभर मेंढरं जगायची ती गावच्या गायरानावर.

त्या उन्हाळ्यात इस्लामपूरच्या बाजारात गावचा एक फौजी भेटला, रजेवर आलेला. म्हणाला, गायरान मोडून ज्यांना जमीन नाही त्यांना वाटायचं घाटतंय, सभा बोलावली आहे. धान्याची टंचाई होती, लोक अर्धपोटी होते... त्यांना तरी नावं कशी ठेवायची?

कोकरं लहान, वाटेत पाणी नाही, त्यामुळं आम्हाला लगेच परतताही येईना. माझे सासरे, म्हणजे मामंजी, एवढंच म्हणाले, "गेलं समजा. कळप इकावा लागंल." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आणि आता गावची शीव आली, तर गायरान होतं तसं होतं. नांगराचा फाळसुद्धा लागला नव्हता.

पंचांपैकी बाबूतात्या सामोरे आले. मामंजींनी सभेचं विचारलं. तात्या म्हणाले, "हात वर झालं व्हतं समद्यांचं. मग म्या इचारलं, ज्यांचं जायाचं त्यातलं हितं कोन हाय? कोनच न्हवतं. मग ठरवायचं कसं? थांबलो तुमच्यासाठनं."

ऐकायला सोपं वाटतं. पण पडीक रान मोडायचं तर उन्हाळ्यातच नांगरून तापू द्यावं लागतं. आमच्यासाठी थांबायचं म्हणजे त्या वर्षीच्या पिकावर पाणी सोडायचं... आणि अर्धपोटी माणसांनी ते सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. एरवी आम्ही बायका मागं बसून ऐकायचो. पण कोंडाबाई उठून पुढं आली. तिचा नवरा लढाईवर गेला तो परतलाच नव्हता, घरात तीन पोरं. ती मामंजींना म्हणाली, "तुमच्यापायी माजं एक साल गेलं, मामा. पोरांनी काय खायाचं?"

कुणीतरी तिला गप्प बसायला सांगितलं. तात्यांनी त्यालाच गप्प बसवलं.

मग मामंजी उभे राहिले. वाटभर त्यांनी भांडणाची तयारी केली होती, ऐकून ऐकून मलाही पाठ झाली होती. ती सगळी बाजूला ठेवून ते कोंडाबाईकडं वळले.

म्हणाले, "वढ्याकडचं रान हिला द्या, हिच्यावानी जे असतील त्यास्नी द्या. वरचा माळ आमाला ऱ्हाऊ द्या. गावची बाजरी निगाली की पयली मेंढरं त्यांच्या रानात बसवीन. धान्य घ्यायचो न्हाई."

ओढ्याकडचं म्हणजे गायरानातलं सगळ्यात चांगलं गवत. सासूबाईंनी माझा हात करकचून धरला. पण मामंजींनी हात वर केला तेव्हा त्यांनीही केला, आणि त्यांचं बघून मीही... सभेत वर केलेला माझा तो पहिला हात.

थोडी मेंढरं आम्हाला विकावी लागलीच. मला मामंजींचा रागही आला होता, कशाला खोटं बोलू. पण कळप राहिला, गावात पाय राहिला. वर केलेले हात खाली घेऊन आमची वाट बघणाऱ्या त्या माणसांचे उपकार मी आजही मानते.

परवा नातीनं गावच्या ग्रामसभेचा व्हिडिओ दाखवला. खुर्च्या, माईक, हारतुरे, सगळं होतं. विषय निघाला तो वरचा माळ मेंढरांकडून काढून घ्यायचा. मी विचारलं, मेंढरं घेऊन गेलेली आपली माणसं कधी यायची आहेत? ती म्हणाली, "आजी, ठराव झालासुद्धा."

मी तिला व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला... आणि तात्यांसारखं कुणीतरी उभं राहून विचारतंय का, ते शेवटपर्यंत बघत बसले.