दौंडच्या फलाटावरची लाल टोपी

लाल टोपी घालून गावी गेलो की लोक मला फौजदाराच्या वरचा समजायचे. मिलिटरी पोलीस म्हणजे पोलिसांचेही पोलीस, असा आबांचा, माझ्या वडिलांचा, हिशेब. खरं म्हणजे दौंड स्टेशनावर आम्ही एक हवालदार आणि चार जवान. येणाऱ्या-जाणाऱ्या फौजींचे रजेचे कागद बघायचे, गणवेश तपासायचा, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला आवरायचं, पळून आलेल्याला पलटणीत पोचवायचं. फौजेबाहेरच्या माणसासाठी आम्हाला बोटही हलवता येत नव्हतं.

दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी एका बागायतदाराचा मुलगा रजेवर आला. तोही फौजेतला शिपाईच. आबा माझी जुनी लष्करी जर्सी घालून चावडीपुढून चालले होते. बौद्धवस्तीतल्या म्हाताऱ्याच्या अंगावर फौजेची जर्सी बघून त्याचं डोकं फिरलं. भर गावात त्याने आबांना लाथांनी तुडवलं, जर्सी फाडली. सगळ्यांनी पाहिलं, साक्षीला एकही आला नाही. अळीमिळी गुपचिळी! केस उभीच राहिली नाही.

मग आबांची सगळी भिस्त माझ्यावर. तो पलटणीत परत जाणार त्या दिवशी ते एसटीने दौंडला आले. "धर त्येला," एवढंच म्हणाले.

फलाटावर मी त्याला अडवलं. कागद मागितला. सही, शिक्का, तारीख, सगळं बरोबर. बूट चकचकीत. मी हवालदाराला मारहाणीचं सांगितलं.

"पुलिस केस है? नहीं? तो जाने दो."

त्या शिपायाच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटत होतं. मी कागद परत दिला. तो डब्यात चढला आणि खिडकीशी बसून हसला. इतका हताश मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

आबांना राहवलं नाही. पिशवीतली फाटकी जर्सी काढून त्यांनी पुरावा म्हणून हवालदारापुढे धरली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली.

"ये तो सरकारी माल है. किसने दिया?"

"माज्या पोरानं," आबा छाती काढून म्हणाले.

गाडी हलली. जुना सरकारी कपडा जमा करायचा असतो, बाहेरच्याला द्यायचा नसतो. हा गुन्हा मात्र आमच्या अखत्यारीतला होता. हवालदाराने मला खोलीत नेऊन माझा जबाब लिहायला घेतला. आबा दारात उभे राहून बघत होते.

"त्यो तर गेला," ते मला म्हणाले. "मग तुजं का लिवून घेत्यात?"