ठाकूर सिस्टर आणि दोन कॅमेरे

समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ठाकूर सिस्टर नाकातून हवा सोडायच्या. आवाज मोठा नसायचा, सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तेवढाच. पण बोलणारा जागच्या जागी अडखळायचा. सरकारी दवाखान्यात त्या वॉर्ड सिस्टर होत्या. तिथले मोठमोठे डॉक्टरही म्हणे राउंडला येताना आधी त्या कुठल्या खोलीत आहेत याचा अंदाज घ्यायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती त्या निवृत्त झाल्यावर, माझ्या औषधांच्या दुकानात. काउंटरच्या काचेखाली मी आमच्या रविवारच्या डोंगर ग्रुपचा फोटो लावला होता. रंगीत टोप्या घातलेले आम्ही बारा-पंधरा जण, सगळ्यांचे अंगठे वर. सिस्टरनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तो बराच वेळ न्याहाळला.

"डोंगर कुठं हाय यात?" त्यांनी विचारलं.

"हा काय, मागे."

"मागं तुमची थोबाडं हायत, पुढं पन तुमची थोबाडं. डोंगर बिचारा लपून बसलाय." मग नाकातली हवा. "तुमी डोंगराव जाता का डोंगराला तोंड दाखवाय जाता?"

पुढच्याच रविवारी त्या पातळ खोचून, पायात प्लास्टिकच्या चपला घालून आमच्यात हजर झाल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आमच्या ग्रुपमध्ये निवृत्त अधिकारी, दोन इंजिनिअर, एक वकील आणि त्यांचे महागडे बूट होते. पहिल्याच चढावर हे बूट मागे राहिले आणि सिस्टर वर जाऊन दगडावर बसून आमची वाट बघू लागल्या. एकेकाला येताना बघून म्हणायच्या, "आला का पेशंट?"

त्या मूळच्या पनवेलजवळच्याच गावातल्या. गावची भातशेती वसाहतीत गेली, पैसा आला, आणि त्याबरोबर जे जे आलं त्या सगळ्याचा सिस्टरना मनापासून तिटकारा होता. त्यांचा भाचा भालचंद्र याचा पळस्प्याजवळ हायवेला मोठा लग्नाचा हॉल होता आणि त्याची पांढरी गाडी आमच्या गल्लीत वळायची नाही. "आमच्या भालाला गाडी वळवाय पन जमीन इकत घ्यावी लागंल," असं त्या सगळ्यांसमोर सांगायच्या, आणि भालचंद्र समोर असला तर आवाज चढवून सांगायच्या.

गोव्याच्या रस्त्याने आपट्याकडे जाताना डोंगराच्या कुशीत तांबडवाडी नावाची आदिवासी वस्ती होती. सिस्टर दर आठवड्याला तिथे जायच्या. माझ्याकडून तापाची, जुलाबाची औषधं न्यायच्या आणि वाडीतल्या बायकांना शिव्या देत देत वाटायच्या. समाजसेवा हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. आमच्या वकिलांनी एकदा तो उच्चारला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सेवा तुमी करा, तुमाला हार घालून घ्याचे हायत. मी तितं भांडाय जातंय. घरी भांडाय कोन हाय?" त्यांचे यजमान लवकर गेले होते आणि मूलबाळ नव्हतं.

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला तांबडवाडीतल्या चांगुणाने त्यांना वाडीच्या वर नेऊन जमिनीला पडलेली भेग दाखवली. चांगुणा तिशीतली बाई, गुरं घेऊन रोज त्या उतारावर फिरणारी. सिस्टर दुसऱ्याच दिवशी सरकारी कचेरीत गेल्या. तिथले साहेब फार गोड बोलले. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, "मॅडम, फोटो आणा. व्यवस्थित फोटो असले की मला वर पाठवता येईल."

मोबाईलवर फोटो काढायचा प्रयत्न आम्ही करून पाहिला. त्या पावसात मोबाईलच्या पडद्यावर थेंब पडले की तो आपल्या मनाने भलतंच काही उघडत होता. एकदा तर भेगेऐवजी माझ्या मेव्हणीला फोन लागला. तेव्हा ग्रुपने ठरवलं की एक बरा कॅमेरा हवा. आणि इथे आमच्या ग्रुपची खरी योग्यता उघडी पडली.

आमच्यातले प्रभुदेसाई मुलीकडे परदेशी कायमचे जायच्या तयारीत होते. त्यांच्याकडे जुना, मोठा डीएसएलआर कॅमेरा होता, लांब भिंगासकट. तो ते ग्रुपला द्यायला तयार होते, अटींसकट. दुसरा पर्याय होता तो नवा, छोटा, नारिंगी रंगाचा वॉटरप्रूफ कॅमेरा. तो पाण्यात बुडवा, दगडावर आपटा, त्याला काही होत नाही, असं आमच्या इंजिनिअरांचं म्हणणं. मोठा कॅमेरा चांगला की दणकट कॅमेरा चांगला, यावर आमच्या ग्रुपमध्ये आठवडाभर मेसेज चालले. सेन्सरचा आकार, भिंगाची गुणवत्ता, कोकणातल्या दमटपणात लागणारी बुरशी. कुणी तुलनेचे तक्ते टाकले, कुणी फुलपाखरांचे फोटो. वाडीचा उल्लेख एकाच मेसेजमध्ये होता, आणि त्याला उत्तर म्हणून कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

शेवटी प्रभुदेसाईंच्या घरी बैठक झाली. त्यांनी कॅमेरा कापडातून काढून टेबलावर ठेवला आणि तो कसा धरायचा, पुसायचा, कोरडा कसा ठेवायचा हे समजावून सांगितलं. भिंगाला बोट लावायचं नाही, पावसात बाहेर काढायचा नाही, घरी गेल्यावर डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवायचा.

"बालंतिनीला इतकं जपत नाय कोन," सिस्टर म्हणाल्या. "पावसात काढाचा नाय, तर मग काय त्याला फुलं वाहाची?"

इंजिनिअरांनी उत्साहाने छोट्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. सिस्टरनी ते लांब धरून बघितलं. "ह्यो न्हानीतला साबन हाय. ह्यानी काय दिसंल?"

"सिस्टर, तुम्हाला दोन्ही पसंत नाहीत. मग घ्यायचा कुठला?" मी वैतागून विचारलं.

"मला काय इचारतोस, केमिष्ट? भेग मला डोल्यांनी दिसते. ज्याला नाय दिसत त्याला इचार."

आधी डीएसएलआर नेला, कारण तो फुकट होता. मी, सिस्टर आणि प्रभुदेसाई. प्रभुदेसाईंनी स्वतःवर नाही, कॅमेऱ्यावर छत्री धरली होती. भेगेजवळ पोचेपर्यंत ते इतके भिजले की थरथरत्या हाताने काढलेल्या चारही फोटोंत भुतं हलत होती. त्यात भिंगाच्या आतून वाफ धरली. घरी परतताना प्रभुदेसाई कॅमेऱ्याला पोटाशी धरून बसले होते. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "ताप आला तर गोली देते. तुमाला. त्याला नाय."

मग वर्गणी काढून ती नारिंगी साबणवडी आली. तिचं काम खरंच चोख होतं. मुसळधार पावसात मी ती गळ्यात अडकवून वर गेलो, चिखलात एकदा पाडलीही, नळाखाली धुऊन पुन्हा वापरली. भेगेत सिस्टरनी आपली काठी उभी धरली आणि मी फोटो घेतला. काठी हातभर आत गेली होती. पुढच्या खेपेला ती आणखी आत गेली.

हे फोटो घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी प्रेमाने बघितले. "फार छान आलेत. पण मॅडम, ही भेग नेमकी कुठे आहे ते कळत नाही. कुठल्याही शेताच्या बांधाची असू शकते. वस्ती आणि उतार एकत्र दिसला पाहिजे."

"तुमी या ना बघाय. मी नेते."

"येणार, येणार. जरा पाऊस ओसरू दे."

जिना उतरताना सिस्टरनी नाकातून हवासुद्धा सोडली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

साबणवडीला लांबचं दिसत नव्हतं. समोरच्या डोंगरावरून काढलेल्या तिच्या फोटोत सगळी वाडी हिरव्या डागासारखी यायची. म्हणून पुन्हा डीएसएलआरकडे वळावं लागलं. डब्यात कोरडा होऊन तो शुद्धीवर आला होता. एका सकाळी पावसाने उघडीप दिली, तशी सिस्टरनी मला दुकान उघडू न देता रिक्षात घातलं. समोरच्या डोंगराच्या धारेवर पोचलो तेव्हा ढग वर सरकत होते. मी लांब भिंग लावून उतार, वाडी, वरची भेग असे पाच-सहा फोटो घेतले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून सिस्टरना दाखवले.

त्या बघत राहिल्या. मग बोट पडद्यावर टेकवून म्हणाल्या, "हितली झाडं अशी का?"

मला तोवर दिसलं नव्हतं. भेग आणि वाडी यांच्या मधल्या पट्ट्यातली सागाची झाडं सगळी एकाच बाजूला कलली होती. वाडीच्या बाजूला. जवळून बघताना ती नुसती वाकडी झाडं वाटत होती. इथून कळत होतं की अख्खा उतारच सरकतो आहे.

"साहेबांना आत्ता नेऊन दाखवू," मी म्हटलं.

सिस्टर उभ्या राहिल्या. "एकाला जवलचं दिसतं, एकाला लांबचं दिसतं. त्या सायबाला दोनी नाय. तू जा त्याच्याकडं च्या प्याला. मी वाडीत जाते."

मी साहेबांकडे गेलो नाही.

वाडीत त्यांनी जे केलं त्याला समजावणं म्हणता येणार नाही. दारोदार जाऊन त्यांनी लोकांना अक्षरशः हुसकून काढलं. "भांडी राहू दे, भवाने, पोर उचल!" "रडतेस काय, चालताना रड!" चांगुणाचा सासरा तेवढा उठेना. म्हणाला, इथे जन्मलो, इथेच मरीन.

"मर," सिस्टर म्हणाल्या. "मी अडवत नाय. पन तुज्या कोंबड्या मी नेते. त्यांनी काय पाप केलाय?" आणि त्यांनी खरोखर कोंबड्या पाटीत घातल्या, वरून कापड बांधलं आणि ती डोक्यावर घेऊन निघाल्या. म्हातारा शिव्या देत त्यांच्या मागोमाग उतरला तो थेट हायवेपर्यंत.

कारण सिस्टर सगळ्यांना घेऊन गेल्या होत्या भालचंद्राच्या हॉलवर. आषाढ लागला होता, लग्नं नव्हती, हॉल रिकामा होता. भालचंद्र गाडीतून धावत आला.

"आत्या, हे काय? गालिचे खराब होतील."

"होऊ दे. तुज्या लग्नात पन पावन्यांनी पान थुकून केलेच होते."

"निदान आधी विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तू नाय म्हनला असतास. मग मला तुज्या कानाखाली द्यावी लागली असती. ह्या सगल्यांसमोर बरं दिसलं असतं का?"

भालचंद्राने आचाऱ्याला फोन लावला. कबूल करायला हवं, त्याने जेवण चांगलं दिलं. वाडीतली पोरं नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्यांवर झोपली, आणि म्हाताऱ्याच्या कोंबड्या वरपक्षाच्या खोलीत.

आमच्या ग्रुपमध्ये यावर नापसंती व्यक्त झाली. लोकांना असं घाबरवणं योग्य नाही, आधी तज्ज्ञांचं मत घ्यायला हवं होतं, असं वकील म्हणाले. वाडीतलेही दोन दिवसांत कुरकुरू लागले. काही पुरुष परत जायचं म्हणत होते. सिस्टर हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि जो बाहेर पडेल त्याची आई-बहीण काढत होत्या. मी डबा घेऊन गेलो तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "केमिष्ट, नाय काय झालं तर ही मानसं मला परत दारात उभी करनार नायत." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच शंका.

त्या दुपारीच उतार खाली आला. आवाज पायथ्याच्या गावात ऐकू गेला. आम्ही पोचलो तेव्हा वाडीची वरची सगळी घरं चिखलाखाली होती आणि सागाची झाडं मुळं वर करून पडली होती. आत कुणीही नव्हतं. सिस्टर चिखलाच्या कडेला उभ्या राहिल्या. शेजारी चांगुणा होती. सिस्टरनी विचारलं, "तुजी चूल तितं होती ना गं?" चांगुणाने मान हलवली. सिस्टरनी तिचा हात धरला आणि पाठ फिरवून दोघी चालू लागल्या.

मग सगळे आले. गाड्या आल्या, मोठे कॅमेरे आले, पुढारी रेनकोट घालून आले. साहेबही आले, आणि त्यांनी मला बाजूला घेऊन आमचे जुने फोटो मागितले. वर पाठवायचे होते. मी सिस्टरकडे बघितलं.

"दे," त्या म्हणाल्या. "आता त्याला दिसाय लागलंय. डोंगर अंगाव आला की सगल्यांनाच दिसतो." साहेब हसून "मॅडम फार विनोदी आहेत" म्हणाले.

ग्रुपने सिस्टरचा सत्कार ठरवला. त्या दिवशी त्या तांबडवाडीच्या लोकांना मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या होत्या, पत्रे गळतात म्हणून कंत्राटदाराशी भांडायला. शाल आमच्या अध्यक्षांच्या कपाटात पडून राहिली.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. हृदयाचा त्रास होता. तो त्यांनी माझ्यापासून, म्हणजे जो त्यांना वाडीसाठी दर आठवड्याला औषधं देत होता त्याच्यापासूनही, लपवला होता. दुखवट्याची सभा आम्ही घेतली, आणि ती जशी होते तशी झाली. एक जण म्हणाले सिस्टर निसर्गप्रेमी होत्या. दुसरे म्हणाले त्यांची वाणी मधुर होती. वकील सेवा या विषयावर इतकं बोलले, की सिस्टर असत्या तर मधेच उठून गेल्या असत्या.

शेवटच्या रांगेत चांगुणा सासऱ्याला घेऊन आली होती. अध्यक्षांनी औपचारिकपणे विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. ती उठून उभी राहिली. माईकपाशी गेली नाही.

"त्या मधुर नव्हत्या," ती म्हणाली. "लय वंगाळ बोलायच्या. आमाला घरातनं काढताना माज्या मेलेल्या आयलासुदा शिव्या दिल्या. म्हनून आमी उठलो. गोड तर साहेब बी बोलत व्हता. त्यानं कोन उठलं असतं?"

एवढं बोलून ती खाली बसली. तिच्या शेजारी म्हातारा आपल्या टोपीने डोळे पुसत होता.