स्टीलचे चमचे, सोड्याचं पाणी आणि एक ‘फट्’

ग्रुपवरच्या सगळ्या जुन्या मास्तर-बाईंनो, सकाळी कोणीतरी बातमी टाकली. पाण्यातून हायड्रोजन काढायला आता महागडं प्लॅटिनम नको, स्वस्त निकेल-लोखंडानंही जमते म्हणे.

मी एकटीच हसली. ऐंशीच्या दशकात अहेरीच्या शाळेत विज्ञान शिकवताना पुस्तकातलं प्लॅटिनम मी कुठून आणणार होती? घरचे स्टीलचे चमचे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायची, टॉर्चच्या सेलांना जोडायची. चमच्यात निकेल होतंच की!

परीक्षानळीत हायड्रोजन जमला की ती नळी पालथी मी धरायची आणि पेटती काडी आमचे हे आणायचे. हे त्याच शाळेत मराठी शिकवायचे. हात लांब करून, डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "अवं, मले काऊन बोलावतं? माह्यं काम कवितेचं हाय!" फट् आवाज झाला की असे दचकायचे, की अख्खा वर्ग हसायचा.

आज दुपारी सावली गावातल्या माझ्या घरी पुन्हा सगळं मांडलं. बुडबुडे तसेच आले. पण एका हातात नळी, मग काडी कोण ओढणार? हे गेल्यापासून घरात मी एकटीच. शेवटी बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती ओट्यावर आणून पेटवली आणि नळी तिच्याजवळ नेली.

फट्!

तुमच्याकडे आहे का असं एखादं दोघांचं काम, जे आता एकट्यानं करावं लागते? माझं तर नीट जमलं. फक्त दचकायला कोणी नव्हतं.