रीगाहून व्हिजिटवर

ऑगस्टच्या उकाड्यात मुक्ता जाड लोकरी कोट घालूनच दुबई विमानतळात शिरली. बॅगेत तो मावत नव्हता.

"आई, एव्हरीवन इज स्टेअरिंग!"

"बघू देत. रीगाला पोचलीस की माझी आठवण काढशील."

रीगा ही लाटव्हियाची राजधानी. शारजात आमच्या ओळखीत कुणालाच ती ठाऊक नव्हती, म्हणून मीच सांगत सुटायची. बाल्टिक समुद्राजवळ, दौगावा नदीच्या काठी. तिथला मोठा बाजार जुन्या काळच्या अवाढव्य, फुग्यासारख्या हवाई जहाजांच्या शेडमध्ये भरतो. उन्हाळ्यात रात्री दहालाही उजेड, हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवे. आणि मुक्ताच्या मेडिकलची फी झेपणारी. न पाहिलेलं ते शहर मला पाठ होतं.

काळजी थंडीची नव्हती. तुम्ही गल्फमध्ये असाल तर नियम माहीत असेलच: सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, की रेसिडेन्स व्हिसा जातो. मुक्ता इथेच जन्मली, शारजातल्या अल मजाजच्या याच फ्लॅटमध्ये वाढली, तरी नियम तोच. म्हणून तिच्या प्रत्येक सुट्टीचं तिकीट मी आधीच काढून ठेवायची.

तिसऱ्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "आई, नदी गोठलीय. वुई वॉक्ड ऑन इट! अँड लिसन, या सुट्टीत मी येत नाहीये. इथे हॉस्पिटलमध्ये काम मिळालंय."

"अगं, व्हिसा जाईल!"

"मग व्हिजिटवर येईन ना. लाइक आजोबा."

आजोबा म्हणजे माझे बाबा. ते इथे एकदाच आले, व्हिजिटवर, म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर. लग्नानंतर मी सांगलीहून निघाले तेव्हा म्हणाले होते, "घर तुझंच आहे. पाहुणीसारखी येऊ नकोस." मी मान हलवली होती.

उन्हाळ्यात व्हिसाचे अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये मुक्ताचा अर्ज भरायला गेले. तिथल्या मल्याळी माणसाने जन्मस्थळ वाचून मान वर केली. "इधर का बच्चा, विजिट पे?" मग पुन्हा टाइप करत म्हणाला, "अपने बच्चों का भी यही होगा, मॅडम."

ती यायच्या आदल्या दिवशी तिच्या पलंगावर कोरी चादर घातली, बाथरूममध्ये साबणाची नवी वडी ठेवली आणि हात थांबला. मी सांगलीला गेले की आईसुद्धा हेच करते. मला ते लाड वाटायचे.

कोरी चादर काढली. शाईचा डाग पडलेली तिची जुनी शोधून घातली. मुक्ता आली, तशीच त्यावर आडवी झाली. "ही अजून टाकली नाहीस?" म्हणाली आणि झोपून गेली. महिन्याने परत रीगाला गेली.

पुढच्या खेपेला सांगलीला निघण्याआधी मी आईला फोनवर बजावलं, "माझ्यासाठी नवं काही काढू नकोस. पलंगावर माझं जुनंच घाल."

आई म्हणाली, "तुझं जुनं इथे आहे कुठे गं आता?"