शिर्डीवरून माघारी

अण्णांनी मी चालवत असलेल्या विमानात एकदा तरी बसावं म्हणून मी त्यांच्या किती मागे लागले होते! अण्णा म्हणजे माझे वडील, राहात्याकडचे ऊस पिकवणारे शेतकरी. पोरगी सहवैमानिक आहे हे ते चारचौघांत कौतुकानं सांगत. पण "शेजारी मोठा पायलट असतोच की," ही पुस्ती जोडल्याशिवाय राहत नसत. मला त्याचा फार राग यायचा. त्यांच्यादेखत शिर्डीला विमान उतरवून दाखवायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं.

शेवटी ऐन थंडीत ते मुंबईहून बसले. आदल्या दिवशी मी त्यांना जीपीएसवर कसं उतरतात ते सांगितलं. धुकं असलं तरी उपग्रहांच्या आधारानं विमान धावपट्टीच्या रेषेत खाली येतं. मात्र एका ठरलेल्या उंचीवर पट्टी किंवा तिचे दिवे डोळ्यांना दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर पुन्हा वर जायचं.

"म्हंजी बांधापत्तूर ते आनून सोडतंय, आत आपुन जायाचं," अण्णा म्हणाले.

"अगदी तसंच," मी म्हटलं.

सकाळी शिर्डीवर धुकं होतं, आणि त्यात तोड झालेल्या उसाच्या रानांतून पेटवलेल्या पाचटाचा धूर. कॅप्टननी विमान माझ्या हातात दिलं होतं. पडद्यावर सगळं शिस्तीत होतं, खाली मात्र नुसतं राखाडी. ठरलेली उंची आली. "काही दिसत नाही," कॅप्टन म्हणाले. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पट्टी समोरच आहे हे यंत्र सांगत होतं आणि मागे अण्णा बसले होते. मी "गो अराउंड" म्हणाले आणि विमान वर घेतलं. पुन्हा एकदा प्रयत्न केला, तरी तेच. मग छत्रपती संभाजीनगरला जाऊन उतरलो.

अण्णा विमानातून बाहेर आले ते तोंड फुगवूनच. "यवढ्या जवळ यून मागं फिरलीस. तितं गाव हार घिऊन हुभं हाय. काय तोंड दावू मी?" एवढं बोलून ते गाडी करून घरी गेले.

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन घरी पोचले. अण्णा ओट्यावर बसले होते. चुलते, म्हणजे आमचे तात्या, मात्र खुशीत पुढे आले. "धूर दिसला का गं? वरनं तुला आपलं रान वळखू यावं म्हनून मी पाटंच पाचट पेटवलं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं कळेना. धुकं तर आधीच होतं, पण त्या सकाळी जरासा धूरसुद्धा जास्तच झाला, हे मी तात्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. तरी हार मानतील तर ते तात्या कसले!

"पर पट्टी तर तितंच हुती न्हवं? घालायचं हुतं खाली."

"न्हाई," अण्णा ओट्यावरून म्हणाले. "काल मलाबी तसंच वाटलं हुतं. पर बाप मागं बसल्याला, गाव खाली वाट बघतंय, तरीबी तिनं न दिसता इमान खाली घातलं न्हाई. आता तिच्या इमानात कुनालाबी बिनघोर बसवा. मी सांगतो."

मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेले आणि पोटभर रडले.