वासंतीची शिष्यवृत्ती

वासंती पेडणेकरने अकरा वर्षं मस्कतमधल्या शाळेच्या बसमध्ये मुलांचे पट्टे लावले. मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या त्या भारतीय शाळेची लहान मुलं तिला आंटी म्हणायची. कुणाला बस लागते, कुणाला खिडकीच हवी असते, कुणाचा डबा दर दोन दिवसांनी सीटखाली राहतो, हे सगळं तिला पाठ होतं.

उधारी या शब्दाचंच तिला वावडं होतं. ती मस्कतला आली त्या पहिल्याच वर्षी नवऱ्याच्या, प्रशांतच्या, कंपनीने तीन महिने पगार थकवला होता. तेव्हा वादी अदाईतल्या किराणावाल्याने चार गिऱ्हाइकांसमोर तिच्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली होती. त्या दिवसापासून तिने कुठल्याही दुकानात नाव लिहू दिलं नाही. प्रशांत पुढे एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर झाला, घरात बऱ्यापैकी पैसा आला, तरी ही भाजीची जुडीसुद्धा रोख घ्यायची. सुटे नसले तर जुडी ठेवून परत यायची.

अशा बाईवर एका मंगळवारी सकाळी अल खौदच्या बँकेत जे कोसळलं, त्याची ही गोष्ट.

त्याचं मूळ दोन वर्षांमागचं. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी एकदा बसमध्ये रडणाऱ्या तीन मुलांना वासंतीने कसं गप्प केलं ते पाहिलं आणि म्हणाल्या, "वासंतीबाई, तुम्ही बालवर्गाचा डिप्लोमा का करत नाही? पास झालात तर मी तुम्हाला वर्गावर घेईन." वासंती तेव्हा बेचाळीसची. बारावीनंतर पुस्तकाला हात लावलेला नव्हता. पण अल खौदला एका खासगी संस्थेत शुक्रवारी-शनिवारी वर्ग असतात असं कळलं, आणि प्रशांतने आग्रहच धरला.

प्रवेशाच्या दिवशी संस्थेच्या व्हरांड्यात एका बँकेचं टेबल मांडलं होतं. संस्थेत शिकणाऱ्या प्रत्येकीचं स्टुडंट अकाउंट तिथेच उघडायचं होतं. टाय लावलेला बँकेचा माणूस भराभर कागद पुढे सरकवत होता. "नोकरी करून शिकणाऱ्या बायकांसाठी खास मदत आहे मॅडम, पाचशे रियालपर्यंत. फी भरायची चिंता नाही. इथे सही, इथे सही, आणि इथे." त्याच सकाळी स्वागताच्या भाषणात संस्थेचे संचालकही शिष्यवृत्त्यांबद्दल बरंच काही बोलले होते. वासंतीने दोन्ही गोष्टींची सांगड घातली. आठवड्याने एटीएममध्ये कार्ड घातलं, तर पडद्यावर उपलब्ध रक्कम पाचशे रियाल! तिने स्वतः एक बैसाही, म्हणजे रियालचा हजारावा भागही, भरला नव्हता.

ती घरी गेली ती उड्या मारतच. "अवो, माका स्कॉलरशिप गावली!"

बसचा पगार कंत्राटदार वेगळ्या कार्डावर द्यायचा, त्यातून घर चालायचं. या खात्यातले पैसे तिने फक्त शिकण्यासाठी वापरले. दोन वर्षांची फी तीनशे साठ. निबंध टाईप करायला जुना लॅपटॉप, नव्वद. आणि बारीक अक्षरं दिसेनात म्हणून चष्मा, तेहतीस. दर खर्चाला ती मनातल्या मनात देणाऱ्याचे आभार मानायची. डिप्लोमा झाला तेव्हा खात्यात सतरा रियाल उरले होते.

एप्रिलमध्ये ती शाळेत रुजू झाली, बालवर्गाची सहायक शिक्षिका म्हणून. शाळेचे हिशेबनीस धनंजय कुलकर्णी यांनी सांगितलं, "आपले सगळे पगार एकाच बँकेतून होतात. तिथे खातं उघडा." वासंतीने अर्ज केला. चार दिवसांनी त्या बँकेतून फोन आला, की तुमचं आधीच एका बँकेत खातं आहे, तिचं ना-हरकत पत्र आणा, त्याशिवाय पगाराचं खातं इकडे उघडता येणार नाही.

एवढंच ना, म्हणून तिने अर्धी रजा टाकली आणि अल खौदची शाखा गाठली.

खिडकीत सबीहा नावाची तरुण मुलगी होती. ओमानी, पण हिंदी झकास बोलणारी. वासंतीने कार्ड पुढे केलं. "मुझे खाता बंद करना है. और मेरे सतरा रियाल वापस चाहिए."

सबीहाने पडद्यावर पाहिलं. मग वासंतीकडे पाहिलं. पुन्हा पडद्यावर.

"सिस्टर, खाता अभी बंद नहीं होगा. पहले चार सौ तिरासी रियाल भरना पड़ेगा."

वासंतीला वाटलं, हिने दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलं. "नाम देखो ना बेटा. वासंती पेडणेकर."

"आपका ही है. ये ओव्हरड्राफ्ट है. बैंक ने आपको पाँच सौ तक उठाने दिया था. आपने चार सौ तिरासी उठाया. सतरा आपका नहीं है, सतरा लिमिट में बाकी है."

"वो तो स्कॉलरशिप था."

सबीहाच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून वासंतीने काउंटरची कड धरली. मागच्या रांगेतला माणूस पुढे सरकला होता, त्याला वाटलं हिचं काम झालं. सबीहा हळू आवाजात पुढचं सांगत होती, आणि एकेक वाक्य वासंतीच्या अंगावर आदळत होतं. शिक्षण संपलं म्हणजे सवलत संपली. पुढच्या महिन्यापासून व्याज लागणार. या खात्यात पगार आला तर बँक आधी आपले पैसे वळते करून घेणार. आणि सगळं फिटल्याशिवाय पत्र नाही.

"माझ्यावर कर्ज आहे?" वासंतीने मराठीतच विचारलं. सबीहाला ते कळलं असावं. तिने मान हलवली.

वासंती बाहेर आली आणि बसथांब्यावर बसली. ऊन रणरणत होतं. एक बस आली, गेली. दुसरीही गेली. दोन वर्षं, ती सारखी मोजत होती, दोन वर्षं मी कर्जात होते आणि मला माहीत नव्हतं. चष्म्याची तिला आता लाजच वाटू लागली. तिने तो नाकावरून काढून पर्समध्ये टाकला, आणि मग तिसऱ्या बसचा नंबर तिला वाचता येईना.

प्रशांत दुपारचा जेवायला घरी आला तर ही स्वयंपाकघरात नुसती उभी. गॅस बंद, कुकर रिकामा.

"काय झाला गो? तोंड असा कित्याक केलंस?"

"माका स्कॉलरशिप गावलीच नव्हती. ता कर्ज होता."

प्रशांतला आधी हसूच आलं. "कर्ज? तू? अगो, तू कोथिंबीर उधार घेणंस नाय!" मग तिच्या डोळ्यांकडे बघून त्याचं हसू विरलं. तो खाली बसला. त्याने कर्जाचा आकडा विचारला, पुन्हा एकदा विचारून ऐकला. कंपनीत, गाववाल्यांत, फोनवर सगळ्यांना त्याने सांगितलं होतं की बायकोला शिष्यवृत्ती मिळाली.

"आता काय करूचा?" तिने विचारलं.

"फेडूचा. दुसरा काय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वासंतीच्या डोक्यात आलं, की डिप्लोमाच्या वर्गातल्या बाकीच्या बायकांना सांगावं का? त्या अकरा जणींचा एक ग्रुप होता. सांगायची तिला मरणाची लाज वाटत होती. त्या सगळ्या शिकलेल्या. मधुवंती दामले तर पुण्याची एम.कॉम. झालेली, नवरा मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्या हसतील, म्हणतील बसवाल्या बाईला बँकेतलं काय कळतंय. पण निदान खरं-खोटं तरी कळेल. तिने तीनदा रेकॉर्ड करून पुसून टाकलेला निरोप चौथ्यांदा पाठवला.

"मैत्रिणींनो, ते पाचशे रियाल म्हणजे शिष्यवृत्ती नव्हती. बँकेचं कर्ज आहे. माझ्याकडून चारशे त्र्याऐंशी मागतायत. तुमचं एकदा बघून घ्या."

पाच मिनिटांत मधुवंतीचा थेट फोन आला.

"वासंतीताई, काय बोलताय तुम्ही? माझ्या खात्यात अजून दोनशे तीस शिल्लक आहेत. मी तर उर्वीच्या गाण्याच्या क्लासचे पैसे त्यातून भरले!" उर्वी म्हणजे तिची मुलगी.

"ते दोनशे तीस तुमचे नाहीत. तुम्हाला दोनशे सत्तर भरायचेत."

मधुवंती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो, मी एम.कॉम. आहे हो. मी हे विद्यार्थ्यांना शिकवलंय. माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकामागून एक निरोप येत राहिले. अकरापैकी नऊ जणींना वाटत होतं की ती मदत आहे. एकीने त्यातून आईला औषधं पाठवली होती. एकीने नवऱ्याला सांगितलंच नव्हतं, आता कसं सांगू म्हणून ती रडत होती. आपण एकट्याच मूर्ख नव्हतो याने वासंतीला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या अंगावर काटा आला. नऊ बायका, नऊ ठिकाणी, दोन वर्षं, त्याच एका आकड्याला आपलं समजून बसल्या होत्या.

"आपण सगळ्या मिळून जाऊ," तिने लिहिलं. आपण हे लिहिलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या रविवारी सहा जणी येऊ शकल्या; मस्कतला सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी बँका उघड्या असतात. सबीहाने त्यांना शाखेचे मॅनेजर मजीद यांच्या खोलीत नेलं. मजीद शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी वासंतीची फाईल मागवली आणि कागद तिच्यासमोर ठेवले. तीन पानं. प्रत्येकाखाली मराठीत स्पष्ट, वळणदार सही: वासंती प्र. पेडणेकर.

हा धक्का तिला सगळ्यात जास्त लागला. आपलंच अक्षर आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं होतं.

मधुवंती काही बोलायला निघाली तर वासंतीने तिच्या हातावर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत स्वतःच बोलली. "साब, साइन मेरा है. पैसा मैंने खर्च किया, मैं देगी. एक बैसा नहीं डुबाएगी. लेकिन आपके आदमी ने मुँह से 'मदद' बोला. कर्ज नहीं बोला. एक बार भी नहीं बोला. हम नौ औरत लोग ने एक ही बात सुना, तो नौ के नौ का कान खराब है क्या?"

सबीहा जमिनीकडे बघत होती. मजीद यांनी फाईल मिटली. "मूळ रक्कम मी माफ करू शकत नाही," ते हिंदीत म्हणाले, "तो माझा अधिकार नाही. बाकी काय करता येईल ते विचारतो. दहा दिवस द्या. इन्शाल्ला."

त्या दहा दिवसांत वासंती चार घास नीट जेवली नाही. वर्गात मुलांना अंक शिकवताना चार, आठ, तीन हे आकडे फळ्यावर आले की तिचा खडू थबकायचा.

अकराव्या दिवशी सबीहाचा फोन आला. नऊही जणींना बारा महिन्यांचे हप्ते, व्याज नाही. हप्त्यांच्या करारावर सही केली की पत्र लगेच मिळेल आणि पगाराचं खातं हलवता येईल. हप्ता नव्या बँकेतून दर महिन्याला आपोआप जाईल. या वेळी कागद सबीहाने ओळ न् ओळ हिंदीत वाचून दाखवला. वासंतीने ऐकलं, मधुवंतीने ऐकलं, मग दोघींनी पुन्हा एकदा ऐकलं. सही करायला त्यांना पाऊण तास लागला. रांगेतले लोक वैतागले.

वासंतीचा हप्ता चाळीस रियाल आणि वर थोडे बैसे. पाच फेडून झालेत, सात राहिलेत. दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवर बँकेचा निरोप वाजतो. ती मुलांकडे पाठ करून तो निरोप पूर्ण वाचते, मग पुन्हा वर्गाकडे वळते. वेंगुर्ल्याच्या धाकट्या बहिणीला मात्र तिने अद्याप काही सांगितलेलं नाही. परवाच तिचा फोन आला होता. आपल्या मुलीलाही मस्कतला तसली स्कॉलरशिप मिळेल का, असं विचारत होती. वासंतीने "मग सांगतंय" म्हणून फोन बंद केला, आणि बराच वेळ तो हातातच धरून बसली.