पाचशे बैलगाड्या, एक बस आणि मी

त्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेऊन मोठमोठ्याने शिव्या देत होते. घरात कुणी नव्हतं. हे बँकेत गेले होते, आणि शिव्या पाखरांना होत्या. 'अरे मुडद्याहो, तुमच्या बापानं पेरलं काय हे?' हे एकच वाक्य मी चौथ्यांदा म्हणून पाहत होते, आणि चौथ्यांदाही ते शाळेतल्या बाईंनी गृहपाठ तपासताना म्हटल्यासारखंच येत होतं. तेवढ्यात फोन वाजला. नाव भाऊचं दिसलं. म्हटलं, बरा सापडला, ऐक आता. फोन कानाला लावला आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता तेच वाक्य पूर्ण जोर लावून त्याला ऐकवलं.  पलीकडून माझ्या भाच्याचा आवाज आला, "आत्या... बाबा गेले." आंघोळ करून भाऊ खुर्चीवर बसला होता, चहा हातात होता, आणि तसाच गेला. आज त्याला सहा आठवडे झाले. त्याच्या फोनवर माझ्या तोंडून गेलेले शेवटचे शब्द ते असे आहेत, आणि ते त्याने ऐकले नाहीत.

भाऊ म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, मनोहर. बाहेरच्या वाचकांना त्याचं नाव माहीत असण्याचं कारण नाही, पण अकोट तालुक्यात ज्यांची लग्नं गेल्या पस्तीस वर्षांत लागली त्यांना तो नक्की आठवेल. लग्नाचं शूटिंग करणारे मनोहरभाऊ. आमचं घर शेतीवालं. शेती सांभाळून त्याने हा धंदा धरला, आणि धंदा म्हणून तो कधी नीट केला नाही. इकडे अक्षता पडत असायच्या, आणि याचा कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्यात पानाचा डबा उघडून बसलेल्या एखाद्या म्हातारीवर जाऊन थांबलेला असायचा. लोक कॅसेट घेऊन घरी भांडायला यायचे. "भाऊ, आमचा जावई कुठं हाय याच्यात?" हा शांतपणे सांगायचा, "जावई तं तुमाले रोजच दिसन बापा. थे मातारी पाहा, कशी बसली!" भांडायला आलेला माणूस चहा पिऊन जायचा, आणि जाताना ती म्हातारी पुन्हा एकदा पाहून जायचा. भाऊला सिनेमा करायचा होता. तो 'पिच्चर' म्हणायचा. लग्नं ही त्याची तालीम होती आणि सगळा तालुका त्याला फुकटचे नट पुरवत होता.

पहिल्या पिच्चरला त्याला पाचशे बैलगाड्या लागत होत्या. अकोटच्या बाजारात कापूस मोजायला आलेल्या गाड्यांची रांग तीन दिवस हलत नाही आणि त्या रांगेतच लोक स्वयंपाक करतात, भांडतात, एकमेकांच्या पोरापोरींची लग्नं जमवतात, अशी ती गोष्ट होती. सहा वर्षं त्याने ती लिहिली. रांगेतल्या प्रत्येक गाडीवानाचं नाव त्याला पाठ होतं, बैलांचीसुद्धा. फक्त तो लिहीत असताना लोकांनी बैलगाड्या मोडून टेम्पो घेतले, हे त्याच्या लक्षात आलं नाही. लिहून झालं तेव्हा बाजाराच्या दिवशी जाऊन मोजल्या, तर गाड्या निघाल्या अकरा. त्यातल्या दोन पाण्याच्या टाक्या वाहणाऱ्या. घरी येऊन म्हणाला, "सुमे, आपल्याले बैलायनं धोका देल्ला."

मग बस आली. अकोटहून धारणीकडे जाणारी एसटी घाटात बंद पडते, दोन दिवस दुसरी येत नाही, आणि आतली चाळीस माणसं हळूहळू एक गाव होऊन जातात. यासाठी पंधरा दिवस एक खरी बस हवी होती. याने एसटीच्या डेपोत रीतसर अर्ज केला. 'विषय : पिक्चरसाठी एक बस मिळणेबाबत.' अर्ज माझ्याकडून तपासून घेतला होता, शुद्धलेखन चुकायला नको म्हणून. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "भाऊ, पासिंजरायसाठी बस नाई माह्याजवळ, तुह्या पिच्चरले कुठून देऊ?" दुसरा कुणी तोंड पाडून आला असता. हा हसत हसत आला आणि आठवडाभर त्या साहेबांची नक्कल करत फिरला. कंडक्टरच्या कामाला यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

आणि मग त्याने आपला पिच्चर लहान करत आणला. पाचशे गाड्या नकोत, बस नको, चाळीस माणसं नकोत. एक ज्वारीचं शेत, त्यात एक मचान, आणि मचानावर बसून पाखरं राखणारी एक बाई. घरात तिचं लग्न ठरवत आहेत, तिला कुणी विचारलेलं नाही, म्हणून ती सकाळी मचानावर चढली आहे आणि खाली यायला तयार नाही. पायवाटेने जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबतो, ती वरून त्याच्याशी बोलते, मधूनच पाखरांना शिव्या देते. संपलं. शेत आमच्या घरचं होतं, मचान तो बांधणार होता, आणि बाई म्हणून त्याने मला धरलं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, अमरावतीच्या शाळेत नुकतीच कायम झालेली, दीड वर्षाच्या मुलाची आई. राजापेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत त्याने सगळा पिच्चर वाचून दाखवला, म्हणजे अर्धा वाचला आणि अर्धा करून दाखवला. माझ्या सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. शेवटी त्यांनी डोळे पुसले, ते मात्र हसण्याने आलेलं पाणी नव्हतं. या वेळी सगळं जमून आलं होतं. कापसाचा जिनिंग कारखाना असलेले एक शेठ कॅमेरा आणि मुंबईचा कॅमेरामन द्यायला तयार झाले होते, बारा दिवसांसाठी. ज्वारीत दूध भरलं की पाखरं तुटून पडतात, दाणा टणक झाला की खेळ संपला. त्यामुळे ते बारा दिवस मागेपुढे करता येण्यासारखे नव्हते.

मी नाही म्हटलं.

सासूबाईंना हे पसंत नाही, माझा नाइलाज आहे, असं पत्र मी भाऊला पाठवलं. ते खोटं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, तेव्हा स्वच्छच लिहिते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "जाय ना माय, बारा दिवसाचं तं काम हाय. पोट्टं राहीन माह्याजवळ." ह्यांनी 'तुझं तू ठरव' म्हटलं होतं. अडवलं कुणीच नाही, मला लाज वाटत होती. तो पिच्चर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आमच्या घरच्या वऱ्हाडी बोलीत होता. बी.एड.ला असताना एका पाठाला माझ्या तोंडून घरचा शब्द गेला होता आणि सगळा वर्ग हसला होता, मागे बसलेल्या मॅडमसुद्धा. त्या दिवसापासून मी जीभ घासूनपुसून लख्ख करून घेतली होती. माझ्या बोलण्यावरून आता कुणाला माझं गाव ओळखू येत नव्हतं आणि त्याचा मला केवढा तोरा होता! पडद्यावर मी अशी मचानावर उभी राहून 'काहून रे, कुठी चालला?' म्हणून ओरडणार, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन बसणार... नुसत्या कल्पनेने मला घाम फुटला होता. शेठ म्हणाले, नागपूरची एखादी नाटकातली मुलगी आणू. भाऊ म्हणाला, "मंग पिच्चर नागपूरचंच होईन." शेठचा उत्साह मावळला. ज्वारी कापून झाली. मला भाऊचं उलट पत्र आलं, दोन ओळींचं. काही हरकत नाही, त्या ज्वारीच्या भाकरी खाऊ.

त्यानंतर दरवर्षी, पेरणीच्या आधी, तो विचारायचा. आधी पत्राने, मग फोनने. "सुमे, यंदा पेरू काय जवारी?" आणि मी दरवर्षी काहीतरी सांगायचे. मुलाची पहिली, मुलाची दहावी, निवडणुकीची ड्यूटी, ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन. तो 'बरं' म्हणायचा आणि मचानावरच्या बाईचं वय वाढवून ठेवायचा. लग्न ठरलेल्या मुलीची सून झाली, सुनेची आई झाली, मग पोरं शहरात गेलेली एकटी बाई झाली. बाई प्रत्येक वेळी माझ्याच वयाची. पिच्चर नसला तरी हुर्ड्यापुरता एक तुकडा तो पेरायचाच, आणि दिवाळीच्या आसपास हुर्ड्याची पिशवी घेऊन अमरावतीला यायचा तो थेट सासूबाईंच्या खोलीत. दोघं तासन्‌तास बोलत बसायची. मी चहा घेऊन गेले की विषय बदलायचा. मला वाटायचं, केवढं मोठं मन आहे याचं! जिने आपला पिच्चर मोडला असं हा समजतो, तिलाच पहिला हुर्डा आणतो. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे, पण तोंड उघडायचे नाही. पुढे सासूबाई गेल्या, तेव्हा तो पोरासारखा रडला.

या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. भाऊचा नेहमीचा फोन आला आणि मी म्हटलं, "पेर."  त्याने विचारलं, "पक्कं ना?" त्याने दोन एकर पेरली. सगळ्या शिवारात सोयाबीन आणि मध्येच याची ज्वारी. गावातले लोक म्हणत, मनोहरभाऊनं तालुक्यातल्या पाखरायले जेवाचं आवतन देल्लं. आता शेठही लागणार नव्हते, लग्नाचा कॅमेरा होताच. रोज सकाळी फोनवर तालीम चालायची. मी वाक्य म्हणायचे आणि तो कळवळून ओरडायचा, "अवं, मास्तरीन बोलून राहिली! तुह्या असं बोलन्यानं पाखरं उडनार नाई, रांगेत उभे राहून प्रार्थना म्हनतीन!" माझ्या तोंडात ती बोली परत येईना. जी मी इतक्या कष्टाने घालवली होती, ती आता तितक्याच कष्टाने शोधत होते. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं मी कधी एवढी आनंदात नव्हते.

तेरवीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी वहिनींपाशी बसले. माझ्याने राहवेना. त्यांना सांगून टाकलं की सासूबाईंनी कधीच अडवलं नव्हतं, मी खोटं लिहिलं होतं. वहिनी तांदळातले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यायले मालूम होतं बाई," त्या म्हणाल्या. "तुमची चिठ्ठी आली, त्याच हप्त्यात ते अमरावतीले गेलते. तुमी शाळेत होत्या. तुमच्या सासूबाईच्या पाया पडून इनंती करू म्हनत होते. तं त्या म्हनल्या, म्या तं कवाचंच हो म्हनलं!"

"मग मला कधी बोलला कसा नाही तो?"

"मी बी हेच इचारलं. तं म्हने, तिले लाज वाटते आपल्या बोलीची. जवान हाय, वाटनारच. मातारी झाली का नाई वाटनार. तोवर थांबतो मी."

एकतीस वर्षं! मला वाटत होतं माझं वय वाढतंय म्हणून तो त्या बाईचं वय वाढवतोय. तो माझी लाज जाण्याची वाट पाहत होता. भेटायला येणारे म्हणतात, नशीब नव्हतं, आपल्या वऱ्हाडात कोण पिच्चर करू देतं, मुंबईत जन्मला असता तर मोठा झाला असता. मी ऐकून घेते. बैलगाड्या काळाने नेल्या, बस एसटीने दिली नाही, हे खरंच आहे. पण तिसऱ्याला काहीच लागत नव्हतं, फक्त मी लागत होते. आणि त्याने मला एकदा, एकदा जरी चिडून म्हटलं असतं की सुमे, तू खोटारडी आहेस, तर मी त्याच दिवशी त्याच्या मागे अकोटला गेले असते. पण चिडणं त्याला जमत नव्हतं. त्याला थांबणं जमत होतं.

ज्वारीत दूध भरलं, तेव्हा भाचा म्हणाला, आत्या, राखायला कुणी नाही, कापून टाकू, वैरण तरी होईल. मी म्हटलं, मी आहे. मचान भाऊने बांधून ठेवलेलं होतंच. गेले नऊ दिवस मी अकोटला आहे, आणि सकाळी भाकरी बांधून घेऊन शेतात जाते. पहिले दोन दिवस माझ्या घशातून आवाजच निघाला नाही, नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि गोफण फिरवली. दगड भलतीकडेच जात होते. तिसऱ्या दिवशी पायवाटेवर एक म्हातारा थांबला आणि डोळ्यांवर हात धरून ओरडला, "कोन व्हय वं वर?"

आणि मी उभी राहिले. "मी व्हय! मनोहरची बहीन! काहून, जवारी पाह्यली नाई काय कधी?" हे मी ठरवून म्हटलं नाही, पाठही केलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही, पण साऱ्या शिवारात गेलं.  "आवाज अगदी भाऊचाच हाय वं तुमचा," म्हातारा म्हणाला आणि गेला.

समोरच्या बांधावर, कॅमेरा उभा करायचा म्हणून भाऊने गवत काढून साफ केलेली हातभर जागा आहे. मी तिच्याकडे पाहून म्हटलं, "भाऊ, मले लाज नाई वाटली रे." मग खाली बसले, गोफण बाजूला ठेवली आणि तोंडाला पदर लावून रडत राहिले. पाखरांनी त्या दिवशी पोटभर खाल्लं.